चुना-वाळूची भिंत

माणशी दोन हजार आठशे युरो.
विमान, लसी, विटांतला वाटा, सगळं धरून.
सभागृहातल्या फळ्यावर डर्वलाने आकडा लिहिला
आणि आम्ही नऊ जण एकमेकांचे बूट बघत राहिलो.

मग फेब्रुवारीभर केक.
गाजराचे, सफरचंदाचे, एक नुसताच करपलेला,
तोही विकला गेला.
शनिवारी सुपरमार्केटात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरायच्या,
बटाटे खाली, अंडी वर,
आणि कुणी काय घेतलं ते बघायचं नाही, असं ठरलेलं.
बघितलं मी तरी.
फ्लॅनेरीबाईंच्या पिशवीत एक टोमॅटो, एक चॉप,
मांजरासाठी मात्र आठ डबे.
आमच्या बादलीत त्यांनी वीसची नोट टाकली.
म्हटलं, अहो, सुटे चालतील.
म्हणाल्या, "घर काय सुट्यांवर उभं राहतं?"

माझा हात औषधाच्या दुकानातला,
गोळ्या पाच-पाचने मोजणारा.
म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी मॅलकीच्या परसात शिकवणी.
त्याचे दोन्ही गुडघे बदललेले,
तो खुर्चीवरून ओरडतो:
"थापी आहे ती बाई, सूप ढवळतेस का?"
सिमेंट तो देत नाही. चुना आणि वाळू फक्त.
भिंत उभी राहते पण धरत नाही.
अंधार पडला की पाडायची,
विटा खरवडायच्या, ढीग लावायचा,
गुरुवारी त्याच विटा.
पाणसळीतला बुडबुडा माझ्या ओळीवर हटकून डावीकडे सरकतो,
प्रार्थना संपायच्या आत दाराकडे सरकणाऱ्या पुरुषांसारखा.

गावाबाहेर, स्लायगोच्या रस्त्याला, चौदा घरं आहेत.
बँका बुडाल्या त्या साली सोडून दिलेली.
छपरं आहेत, दारं नाहीत,
न्हाणीघरातून बाभूळकाट्यासारखं काहीतरी वर आलंय.
त्यांतल्या सहांच्या भिंती मॅलकीच्या हातच्या.
शेवटच्या दोन महिन्यांची मजुरी अजून यायचीय.

टिअर्नन आमच्यात सगळ्यात लहान,
बायको आणि बाळासकट आईच्या माडीवर राहतो.
एका संध्याकाळी तो म्हणाला,
"आठ हजार किलोमीटर कशाला? विटा इथेही आहेत."
किटली शिटी घालत होती, सगळेच तिच्याकडे गेले.
सोडतीची तिकिटं मात्र सगळ्यांत जास्त त्यानेच खपवली.
विचारलं नाही मी त्याला, का ते.

एप्रिलात न्डोलाहून पत्र आलं,
चिलेक्वा मुसोन्डाचं, जिचं घर होणार तिचं.
डर्वलाने मोठ्याने वाचलं:
"मी आणि माझ्या बहिणीने चार हजार विटा पाडल्या,
भट्टी लावली, अकरा रात्री राखण केली.
पावसाच्या आत या.
खिडकी मला रस्त्याकडे हवी, मागे नको.
आणि एक विचारते, राग मानू नका:
तुमच्यापैकी कुणाला खरंच बांधता येतं का?"

कुणीतरी खोकलं.
मॅलकी हसायला लागला,
खुर्ची हलेपर्यंत, डोळे पुसेपर्यंत.
मग आत गेला आणि मोज्यात गुंडाळलेलं काही घेऊन आला:
पितळेचा ओळंबा, त्याच्या बापाचा.
"सामानात घाल," मला म्हणाला. "एक जोडा कमी ने."

जोडा काढला.
मलेरियाच्या गोळ्या नऊ जणांच्या मोजल्या, दोनदा.
अजून तीनशे दहा युरो कमी आहेत.

काल रात्री उत्तर लिहिलं.
चिलेक्वा, मला ओळ सरळ येते.
कोपरा येत नाही.
तुमचा माणूस कोपरे बांधील, मी मधलं भरीन,
चुकलं तर सांगा, पाडायची सवय आहे मला.

आज ते मॅलकीला वाचून दाखवलं.
तो भिंतीकडे बघत होता, माझ्या भिंतीकडे, पाच थर,
ओळंबा लावून बघितला, खालून, वरून, परत खालून.
"खरं लिहिलंस," म्हणाला.
भिंतीबद्दल काहीच नाही.
बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाला, "आजच्या दिवस राहू दे उभी."